आधी प्रश्न, मग चहा

आमच्या घरी त्यांना सगळे वकीलबाई म्हणायचे. त्या वकील नव्हत्या, नर्स होत्या. पण समोरच्या खुर्चीत एकदा बसल्या की माणसाची उलटतपासणी घेतल्याशिवाय उठायच्या नाहीत, म्हणून हे नाव. ते मीच ठेवलं, आणि तेव्हा काही कौतुकानं ठेवलं नव्हतं. माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या जिन्यातल्या मांजरालाही ठाऊक आहे.

माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. डोळे थकल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि ते आमच्याकडे राहायला आले. त्यांच्याइतका भिडस्त माणूस मी दुसरा पाहिला नाही. न्हाव्यानं कानाला कात्री लावली तरी हे त्याला म्हणणार, ‘असू दे, तुमचा हात चांगला आहे.’ जेवणात मीठ पडलं नसेल तरी ‘छान झालंय’, पडलं असेल आणि दोनदा पडलं असेल तरी ‘छान झालंय’. भीड भिकेची बहीण असं मी त्यांना शंभरदा ऐकवलं असेल. ते त्यावरही ‘बरोबर आहे’ म्हणायचे.

अशा माणसाला लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला तर तो कधी सांगणार? सांगितलंच नाही. थरथर कापत आडवे झाले तेव्हा आम्हाला कळलं. रुग्णालयात नेईपर्यंत जंतू रक्तात पोचले होते. वर आणखी असं निघालं की नेहमीच्या औषधांना ते जंतू मुळी दादच देत नव्हते. तपासणीचा कागद माझ्या नवऱ्यानं वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला, मला दाखवला नाही. त्यावर औषधांची नावं ओळीनं छापलेली होती आणि बहुतेकांच्या पुढे ‘उपयोग नाही’ असाच शेरा होता. एक भारी औषध उरलं होतं. ते सलाइनमधून सुरू केलं आणि हळूहळू बाबांच्या चेहऱ्यावर माणसाचा रंग आला.

त्याच सुमारास वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांबरोबर वकीलबाई पहिल्यांदा आल्या. बुटका बांधा, काळ्या चपला, केस घट्ट मागे बांधलेले, आणि बसायच्या आधी खुर्ची रुग्णाच्या डोळ्यांसमोर येईल अशी सरकवून घ्यायची सवय. डॉक्टर म्हणाले की त्यांचं एक संशोधन चालू आहे. अशा संसर्गात हे औषध दोन आठवडे देण्याची पद्धत आहे, पण एका आठवड्यातही तेवढंच काम होत असेल का, हे पाहायचं आहे. कोणाला एक आठवडा आणि कोणाला दोन, हे डॉक्टर ठरवत नाहीत. संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. म्हणजे कोणाला आपल्या मर्जीनं झुकतं माप देता येत नाही.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. वकीलबाईंनी संमतीचा कागद बाबांना वाचून दाखवला आणि कागद मिटून म्हणाल्या, “काका, आता हे मला तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा.”

बाबा म्हणाले, “छान आहे सगळं.”

“छान आहे ते झालं. काय आहे ते सांगा.”

तेव्हाच माझ्या मनात आलं, बाई आहे की वकील!

बाबांनी नीट सांगितलं आणि सही केली. संगणकानं त्यांना एक आठवड्याच्या गटात टाकलं. झालं, माझं डोकं फिरलं. मी वकीलबाईंना बाहेरच्या पॅसेजमध्ये गाठलं आणि बोलायला सुरुवात केली. बाकीच्यांना पूर्ण औषध आणि आमच्या बाबांना अर्धं का? आमचे बाबा काय रस्त्यावर पडलेत का? त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. माझा दम संपल्यावर म्हणाल्या, “ताई, ते अर्धं आहे की पुरेसं आहे, हेच अजून कोणाला माहीत नाही. माहीत असतं तर मी हा कागद घेऊन हिंडले नसते.”

“मग जास्तच द्या ना! जास्त दिल्यानं कोणाचं वाईट होतं?”

“होतं,” त्या म्हणाल्या. “रोज ओरडा खाल्लेलं पोर कसं निर्ढावतं? मग त्याच्यावर आवाज चढवून उपयोग होत नाही. जंतूंचं तसंच आहे. औषध गरजेपेक्षा जास्त दिवस चालू राहिलं की त्यातून निर्ढावलेले तेवढे उरतात आणि वाढतात. तुमच्या बाबांना झालाय तो तसल्याच जंतूंचा प्रताप आहे. आणि एक सांगते, तुम्हाला नको असेल तर आत्ता नाही म्हणा. औषध थांबणार नाही आणि माझं तोंडही वाकडं होणार नाही.”

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला, “अगं, त्यांना ओरडू नकोस, त्या बिचाऱ्या उभ्या आहेत.” रक्तात विष भिनलेला माणूस दुसऱ्याच्या पायांची काळजी करत होता. मी हात टेकले.

ह्या बाई कोण, कुठल्या, हे मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. त्यांची आई मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. तिथल्याच एका नर्सिंग शिकणाऱ्या मुलीच्या जुन्या पुस्तकांवर ह्या शिकल्या. मग बरीच वर्षं संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात काढली. तिथे एक बाळंतीण आली होती. बाळ ठणठणीत, आईला मात्र संसर्ग. तपासणीचा कागद आला तेव्हा त्यावर एकाही औषधापुढे चांगला शेरा नव्हता. वकीलबाई सांगत होत्या, “डॉक्टर हतबल, मी हतबल. करायला काही उरलंच नव्हतं, म्हणून मी रोज तिची वेणी घालायचे. तिला आवडायचं.” पुढचं मी विचारलं नाही.

नंतर मोठ्या डॉक्टरांनी संशोधन सुरू केलं आणि रुग्णांच्या घरी जाऊन पुढचे काही महिने विचारपूस करणारी नर्स त्यांना हवी होती. वकीलबाईंना त्या वेळी वॉर्डाची मुख्य नर्स होण्याची संधी चालून आली होती. ती सोडून त्यांनी हे पायपिटीचं काम घेतलं. बरोबरीच्या नर्स म्हणाल्या, डोक्यावर परिणाम झालाय हिच्या. नवरा सुतार होता. तो फक्त एवढंच म्हणाला की चपला दोन जोड घे. हाच नवरा पुढे मला म्हणाला होता, “बाहेर लोकांना एवढे प्रश्न विचारते म्हणे! घरी एकही विचारत नाही. घरी थेट निकाल.”

बाबा घरी आल्यावर वकीलबाई दर आठवड्याला येऊ लागल्या. त्यांची एक रीत होती. दारातून आत आल्या की पाणी घ्यायच्या, पण चहा नाही. आधी प्रश्न, मग चहा. मला तो आगाऊपणा वाटायचा. घरी आलेल्या माणसाला चहा विचारायचा नाही म्हणजे काय! एकदा मी फणकारले तेव्हा त्यांनी कारण सांगितलं.

“अहो, चहाचा कप हातात दिला की माणूस यजमान होतो. आणि यजमान पाहुण्यासमोर कण्हत नाही. मागे एक आजोबा मला आग्रह कर करून चहा पाजत होते आणि तब्येत एकदम फक्कड म्हणत होते. दुसऱ्या दिवशी मुलानं त्यांना उचलून रुग्णालयात आणलं. तेव्हापासून मी ठरवलं. प्रश्न संपेपर्यंत मी पाहुणी नाही.”

‘बरं आहे ना?’ असंही त्या कधी विचारायच्या नाहीत. म्हणायच्या, “ह्या प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच दिलेलं आहे. समोरचा नुसती मान हलवतो.” त्या विचारायच्या, काल काय काय जमलं नाही? जेवण ताटात किती उरलं? जिना चढताना कुठे थांबलात? बाबांसारख्या माणसाला हे प्रश्न म्हणजे शिक्षाच होती. पण ते हळूहळू उत्तरं देऊ लागले. मला तर त्यांच्या उत्तरांतून दर वेळी नव्या बातम्या कळायला लागल्या. त्यांना गवार आवडत नाही, हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर वकीलबाईंकडून कळलं. आणि मी ती दर आठवड्याला करत होते.

बाबांचा त्यांच्यावर जीव जडला. त्या यायच्या दिवशी दाढी, इस्त्रीचा शर्ट, खिडकीजवळची खुर्ची पुसून तयार. वकीलबाईंच्या मनगटावरचं घड्याळ मागे पडतं हे बाबांनी पहिल्याच भेटीत हेरलं होतं आणि भिंगातून बघून ते ठीकही करून दिलं. त्या जायला निघाल्या की बाबा जिन्यापर्यंत पोचवायला जायचे आणि चपलांचा आवाज खाली पोचेपर्यंत तिथेच उभे राहायचे. मी चिडवायचे, “बाबा, तुमची वकीलबाई गेली हो, आता आत या.” ते लाजायचे.

आणि इथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

तो उन्हाचा कडाका होता. लिफ्ट बंद पडलेली. वकीलबाई चारही मजले चढून आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि दाराच्या चौकटीला हात टेकून त्या श्वास घेत होत्या. माझ्या मनातला त्यांच्याबद्दलचा राग एव्हाना बराच निवळला होता, आणि माझी माया ही माझ्या रागाइतकीच दांडगाई करते. मी म्हटलं, आज तुमचे नियम चालणार नाहीत, आधी चहा. त्या नको नको म्हणत होत्या. मी कप हातात कोंबला. बाबा खुर्चीतून म्हणाले, “घ्या हो ताई, घ्या. बिस्किटं पण दे गं त्यांना.”

त्यांनी चहा घेतला. मग प्रश्न विचारले. बाबांची उत्तरं त्या दिवशी भरभर आली. झोप उत्तम, भूक उत्तम, ताप नाही, दुखणं नाही. थर्मामीटर लावला, तोही बाबांच्या बाजूनं बोलला. वकीलबाईंनी सगळं लिहून घेतलं आणि त्या गेल्या. मी कप विसळायला आत गेले.

थोड्या वेळानं बेल वाजली. दारात वकीलबाईच. पुन्हा चढून आल्या होत्या, पुन्हा तशाच धापा टाकत.

“काही विसरलात का?” मी विचारलं.

“हो. चुकलंच माझं. मी चहा आधी घेतला.” त्या चपला काढून आत आल्या. “काका, मी आत्ताच आलेय असं समजा. मघाशी कोणी आलंच नव्हतं.”

बाबा हसले, पण खुर्चीचे हात घट्ट धरून हसले. वकीलबाईंनी खुर्ची त्यांच्या समोर सरकवून घेतली. “काका, आज उठल्यापासून काय काय केलंत ते क्रमानं सांगा. मला घाई नाही.”

“उठलो. तोंड धुतलं. दाढी केली. मग जरा पडलो. मग गोळी घेतली, मग शर्ट—”

“कसली गोळी?”

मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात ओला कप.

“तापाची,” ते म्हणाले.

“ताप होता?”

“पहाटे. थंडी वाजून आला होता. कालही आला होता.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

बाबांनी मान खाली घातली. “तुम्ही येणार होतात ना. म्हटलं, तुम्ही यायच्या आधी उतरलेला बरा. इतक्या उन्हातून येता. आणि तुमचं संशोधन… तुमच्यावर ठपका नको यायला.”

हा माणूस तापात फणफणत असताना दाढी करून, गोळी घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. कशासाठी? तर बाईंना वाईट वाटू नये! मला त्यांचा इतका राग आला आणि त्याच वेळी इतकं भरून आलं की मी कप ओट्यावर ठेवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. वकीलबाई मात्र जागच्या हलल्याही नव्हत्या. त्यांनी बाबांच्या कंबरेवर मागच्या बाजूनं हलकेच बोटं दाबली. बाबा कळवळले. त्याच क्षणी त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, आणि मला म्हणाल्या, “कपडे भरा. खाली उतरायला खुर्ची लागेल, शेजारच्यांना हाक मारा.”

नंतर मी त्यांना विचारलं की तुम्हाला संशय कशावरून आला. त्या म्हणाल्या, “काका आज मला पोचवायला जिन्यापर्यंत आले नाहीत. खुर्चीतूनच ‘या’ म्हणाले. पार खाली पोचल्यावर माझ्या लक्षात आलं.” मी त्या माणसाची मुलगी, त्याच घरात होते. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रक्तात पुन्हा तेच जंतू सापडले. सोनोग्राफीत मूत्रपिंडात एक खडा निघाला. त्याच्या आडोशाला जंतू दबा धरून बसले होते. खडा काढणं डॉक्टरांच्या हातात होतं. पण खरी भीती वेगळीच होती. ते एकच उरलेलं औषध ह्या वेळी चालेल की नाही? मधल्या काळात जंतू त्यालाही सरावले असतील तर? प्रयोगशाळेतून उत्तर यायला वेळ लागतो, कारण जंतू वाढू द्यावे लागतात. ज्यांनी आपल्या माणसाचा घास घ्यायचा बेत केलाय तेच जंतू कुणीतरी काचेच्या ताटलीत नीट वाढवतंय आणि आपण त्याची वाट पाहतोय, हा प्रकार अजब आहे. माझा जीव टांगणीला लागला होता. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी बसून असायचे. वकीलबाई आपलं काम संपवून येऊन शेजारी बसायच्या. ‘काळजी करू नका’ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. त्या माझ्याइतकीच काळजी करत होत्या. त्या बाळंतिणीची गोष्ट त्यांनी मला त्याच बाकावर सांगितली.

कागद आला तेव्हा तो डॉक्टरांनी स्वतः आणून दिला. औषध अजून चालत होतं. वकीलबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, ती एक ओळ बोटानं दोनदा वाचली आणि माझा खांदा इतका घट्ट दाबला की मला तो दुसऱ्या दिवशीही दुखत होता. माझा जीव भांड्यात पडला. मी कोणाकोणाचे आभार मानू तेच मला कळेना. डॉक्टरांचे मानले, खाट सरकवणाऱ्या मामांचे मानले, तिथल्या पहारेकऱ्याचेही मानले. तो बिचारा घाबरला.

बाबांना बोलायची ताकद आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न काय असावा? “ताई, माझ्यामुळे तुमच्या कामाला बट्टा लागला का?”

वकीलबाईंना रागावलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं. “काका, बट्टा लागला असता तो तुमचं ‘उत्तम’ खरं धरलं असतं तर. उद्या ह्याच्या भरवशावर डॉक्टर शेकडो माणसांचं औषध कमी करतील. त्यात एखाद्याला पुन्हा ताप आला तर तो आम्हाला आधी कळायला नको? तुम्ही बरे झालेले मला हवेच आहात. पण नसाल, तर ते मला पहिल्यांदा कळायला हवं. मी जिने कशासाठी चढते?”

बाबा म्हणाले, “चुकलो.” ‘छान आहे’ म्हणाले नाहीत.

संशोधन पूर्ण झाल्यावर रुग्णालयानं त्यात भाग घेतलेल्यांना एका सभागृहात बोलावलं. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर घरघरणारा पंखा, कोणाच्या हातात काठी, कोणाच्या मांडीवर नातवंड. डॉक्टरांनी साध्या शब्दांत निकाल सांगितला. बहुतेक सगळ्यांना एक आठवडा पुरला होता. दोन आठवडे घेतलेल्यांपेक्षा त्यांची प्रकृती कुठेही मागे नव्हती. काही थोड्यांना आजार उलटला, आणि तो दोन्ही गटांत साधारण सारखाच उलटला. ज्यांच्या आत खडा किंवा अडथळा होता त्यांची आधी नीट तपासणी करायला हवी, हे त्या थोड्यांमुळेच लक्षात आलं. आता ह्या रुग्णालयात एवढं भारी औषध विनाकारण दोन आठवडे दिलं जाणार नाही. मग ते म्हणाले, कोणाला काही बोलायचं असेल तर बोला.

लोक उठून आभार मानू लागले. सगळे बरे झालेले, सगळे आनंदी. वकीलबाई मागच्या रांगेत कडेला बसल्या होत्या. एवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची करकरली. बाबा उभे राहत होते. सभेत बोलणं सोडाच, ह्या माणसानं बसमध्ये कधी ‘थांबवा’ म्हटलं नसेल. दुसरं कोणी उतरेपर्यंत पुढे जायचे आणि चालत मागे यायचे.

“मी त्या थोड्यांतला एक,” ते म्हणाले. आवाज कापत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. “मला बरं नव्हतं आणि मी बरं आहे म्हणून सांगत होतो. लोकांना त्रास नको म्हणून मी जन्मभर तसंच करत आलो. मला तो चांगुलपणा वाटायचा. ह्या बाई चार मजले दुसऱ्यांदा चढून आल्या आणि माझं खरं उत्तर घेऊन गेल्या. म्हणून मी आज इथे उभा आहे.” ते मागे वळले, वकीलबाईंकडे बघून त्यांनी हात जोडले. “ताई, तुमचे फार उपकार आहेत.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वकीलबाईंना एरवी पुढचा प्रश्न तयार असतो, त्या वेळी त्यांना एकही सुचला नाही. त्या नुसत्या डोळे पुसत होत्या, आणि त्यांना तसं बघून मीही.

परत येताना रस्त्यात चढ लागला. मी माझ्याच नादात पुढे चालले होते. दिवसभराचं सगळं डोक्यात घोळत होतं, घरी जाऊन काय करायचं तेही घोळत होतं. मागून बाबांची हाक आली.

“ए, थांब जरा.”

मी वळले. ते एका बंद दुकानाच्या पायरीला हात टेकून उभे होते.

“मी दमलोय,” ते म्हणाले. “बसू या थोडा वेळ.”

इतक्या वर्षांत मी हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी परत गेले, पदरानं पायरी झटकली आणि आम्ही दोघं तिथे बराच वेळ बसलो.